एका गुंठ्यात अकरा माणसांचं घर: कमी पैशात मोठ्या कुटुंबाची मांडणी कशी करावी

घर बांधायचं ठरलं की बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो, "खोल्या किती काढायच्या?" मग मिस्त्री कागदावर चार चौकोन ओढून देतो आणि काम सुरू होतं. पाच-सात वर्षांनी धाकट्याचं लग्न होतं, चूल वेगळी करायची वेळ येते, आणि तेव्हा कळतं की वर जायचा जिना थोरल्याच्या खोलीतून जातो. वरच्या मजल्यावर नळ न्यायचा तर नवी फरशी फोडावी लागते. अब्बांच्या मागे घराचे हिस्से करायचे तर भिंतच कुठे घालायची ते सापडत नाही. ज्या पैशात घर झालं, तेवढ्यातच हे सगळं आधी बसवता आलं असतं.

मोठ्या कुटुंबाचं घर बांधताना खोल्या मोजण्याआधी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात, असं आम्ही सुचवतो: जिना कुठून चढणार, पाणी कुठून येणार-जाणार, आणि जागा कोणाच्या नावावर आहे. या तीन गोष्टी नीट बसल्या की खोल्या कमी-जास्त झाल्या तरी घर निभावतं. पुढे एक गुंठ्याच्या जागेचं उदाहरण घेऊन आम्ही हे आकड्यांसकट मांडलं आहे.

आधी माणसं, मग खोल्या

कागदावर खोल्या लिहिण्याऐवजी रात्री कोण कुठे झोपणार ते लिहा. आपल्या उदाहरणातलं कुटुंब असं आहे: अम्मी-अब्बा, दोन विवाहित मुलगे आणि त्यांच्या बायका, एक अविवाहित मुलगी, दोन नातू आणि दोन नाती. एकूण अकरा माणसं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणं शक्य नाही आणि गरजही नाही. पण काही गोष्टींना पर्याय नाही:

- दोन्ही जोडप्यांना दार बंद होणारी स्वतःची खोली हवी.
- म्हाताऱ्या माणसांची खोली तळमजल्यावर, संडासाच्या जवळ हवी.
- मुलं दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणं वेगळी करावीत ही आपल्याकडची शिकवण आहे. म्हणून मुलं आणि मुली यांच्या झोपण्याच्या दोन जागा हव्यात.
- बाहेरचा पुरुष पाहुणा आला तर घरातल्या बायकांना चेहरा लपवत फिरावं लागू नये.

ही यादी आजची झाली. तिच्याच शेजारी दहा वर्षांनंतरची यादी लिहा. नातू तेव्हा कॉलेजात असतील, मुलीचं लग्न झालेलं असेल, कदाचित दोन चुली झालेल्या असतील. घर दोन्ही याद्यांना पुरलं पाहिजे.

जागेचे कागद

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. आपल्याकडे शहरांच्या कडेला बरीच कुटुंबं असेच गुंठा-दीड गुंठ्याचे तुकडे घेतात. व्यवहार पुष्कळदा शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून होतो. हे लक्षात ठेवा: १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. शेतजमिनीतून पाडलेल्या तुकड्याला १९४७ चा तुकडेबंदी कायदाही आडवा येऊ शकतो. गुंठेवारीसाठी महाराष्ट्राचा २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी मिळाली. तुमचा तुकडा त्यात बसतो का, हे पाया खणण्याआधी पालिकेत किंवा नगररचना कार्यालयात विचारा. अनधिकृत जागेवर घातलेल्या स्लॅबचे पैसे परत मिळत नाहीत.

बाजूला किती जागा सोडायची याचे नियम गावठाण, गुंठेवारी, मंजूर लेआउट यांप्रमाणे बदलतात. आपल्या उदाहरणात आम्ही समोर ५ फूट, मागे ३ फूट आणि उत्तरेला ३ फूट सोडले आहेत. दक्षिणेची भिंत शेजाऱ्याला लागून आहे. तुमच्याकडे नियम वेगळा असेल तर मापं बदला, क्रम तोच ठेवा.

तळमजला: ७५० चौरस फुटांचा हिशेब

रस्ता पूर्वेला आहे असं धरू. सोडलेली जागा वजा केल्यावर घर उत्तर-दक्षिण ३० फूट आणि पूर्व-पश्चिम २५ फूट उरतं, म्हणजे ७५० चौरस फूट. त्याचे दोन पट्टे करा. रस्त्याकडचा पट्टा १२ फूट खोल, मागचा १३ फूट खोल. भिंती धरून मापं अशी:

पुढचा पट्टा, उत्तरेकडून दक्षिणेकडे:
- जिना: ७ × १२ फूट
- अम्मी-अब्बांची खोली: ११ × १२ फूट
- बैठक: १२ × १२ फूट

मागचा पट्टा, उत्तरेकडून दक्षिणेकडे:
- ७ फूट रुंदीत जिन्याला लागून ४ फुटांचा आडवा बोळ, त्याच्या मागे ७ × ९ फुटांत संडास आणि मोरी
- मधलं दालन: १४ × १३ फूट
- स्वयंपाकघर: ९ × १३ फूट

सगळ्यांची बेरीज बरोबर ७५० येते. आता याची कारणं पाहू.

बैठकीला रस्त्याकडून स्वतःचं दार आहे. पाहुणा तिथूनच येतो आणि तिथूनच जातो. बैठक आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून आहेत. त्या भिंतीत दीड फुटाची एक छोटी खिडकी ठेवली की चहाचा ट्रे आत-बाहेर करता येतो, कोणाला पडदा सावरत यावं लागत नाही. बैठकीतून मधल्या दालनात जायला एक दार आहे, ते पाहुणे असताना बंद राहतं.

घरच्यांची ये-जा उत्तरेच्या बाहेरच्या गल्लीतून, आतल्या आडव्या बोळातून मधल्या दालनात होते. संडासाचं दार या बोळात उघडतं. त्यामुळे पाहुण्यालाही दालनात न येता गल्लीतून संडासाला जाता येतं. मोरीचं दार मात्र दालनात आहे, कारण ती घरच्यांसाठी आहे. बोळ आणि दालन यांच्यामध्ये एक दार किंवा जाड पडदा पुरतो.

अम्मी-अब्बांची खोली दालनात उघडते. रात्री उठून संडासाला जायला दालनाच्या कोपऱ्यातून आठ-दहा पावलं चालावं लागतं, एकही पायरी नाही. बोळात भिंतीला धरायला एक पाइप लावून घ्या, खर्च नगण्य आहे.

मधलं दालन हे घराचं खरं केंद्र. अकरा माणसांना बसेल असं जेवणाचं टेबल घ्यायचं तर त्याला वेगळी खोली लागेल. दस्तरखानाला लागत नाही. एका माणसाला दोन फूट धरले तर १० फूट लांब दस्तरखानाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि टोकाला एक, असे अकरा जण या दालनात आरामात बसतात. जेवण झालं की तिथेच मुलांचा अभ्यास, शिलाई मशीन आणि रात्री अंथरुणं.

स्वयंपाकघर इथे मुद्दाम मोठं ठेवलं आहे. दोन जावा आणि सासू एका वेळी काम करतात, रमजानात इफ्तारीची घाई असते, बकरी ईदला गोश्त आणून वाटे करावे लागतात. म्हणून ओट्याबरोबर एका कोपऱ्यात खाली बसून धुता येईल अशी मोरी ठेवा आणि जमिनीला तिच्याकडे उतार द्या. मागच्या ३ फुटांत भांडी घासायला नळ काढा.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण नकाशातच विचारात घ्यावी. घरात कधीतरी मय्यत होणारच. गुस्ल देण्यासाठी पाण्याचा निचरा असलेली आडोशाची जागा आणि जनाजा न वळवता बाहेर काढता येईल असं दार हवं. बैठकीचं दार साडेतीन फूट रुंद आणि समोर ओट्यापर्यंत सरळ ठेवलं तर ऐनवेळी तारांबळ होत नाही. तेच दार आजारी माणसाला स्ट्रेचरवर नेतानाही उपयोगी पडतं.

जिना: पुढच्या वीस वर्षांचा निर्णय

पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ जण जिना बैठकीत किंवा दालनात घेतात. आज सगळं एकत्र आहे तोवर काही वाटत नाही. वर राहणारा भाऊ वेगळा झाला, वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला, किंवा नुसती नाइट ड्यूटी लागली तरी प्रत्येक वेळी कोणाच्या तरी झोपेतून जावं लागतं.

आमच्या आराखड्यात जिन्याचं दार उत्तरेच्या गल्लीकडे, आतल्या बोळाला लागून आहे. जिना तिथून पूर्वेकडे चढतो, मध्ये वळतो आणि परत बोळाच्या वरच येतो. मजल्याची उंची १० फूट धरली तर ७ इंचांच्या सतरा पायऱ्या लागतात. पाऊल ठेवायला १० इंच, जिन्याची रुंदी ३ फुटांच्या आसपास आणि वळणावर ३ फुटांचा चौथरा, असं केलं तर सगळं ७ × १२ फुटांत बसतं. पायऱ्या ८ इंचांच्या केल्या तर जागा थोडी वाचते, पण म्हाताऱ्यांचे गुडघे आणि कडेवर मूल घेतलेली आई यांना तो जिना रोज त्रास देतो. जिन्याखालची जागा पंप, इन्व्हर्टर आणि गव्हाची कोठी यांना द्या.

पाणी: एकाच बाजूने आत, एकाच बाजूने बाहेर

घर महाग करणाऱ्या गोष्टींत पाण्याची विखुरलेली कामं वरच्या नंबरला आहेत. प्रत्येक खोलीला जोडलेला संडास काढला की प्रत्येकाचा वेगळा पाइप, वेगळं चेंबर, वेगळी गळती. या आराखड्यात सांडपाण्याची एकच रेषा आहे. ती स्वयंपाकघराच्या मागून निघते, मागच्या ३ फुटांतून संडास-मोरीपर्यंत येते आणि उत्तरेच्या गल्लीतून रस्त्याकडे जाते. वरचा संडास आणि मोरी बरोबर खालच्यांच्या वर ठेवायची, म्हणजे तोच पाइप वर वाढतो. घरातल्या कोणाच्याही झोपायच्या डोक्यावर संडास येत नाही.

गटाराची सोय नसेल तर सेप्टिक टँक मागच्या बाजूला घ्या आणि पिण्याच्या पाण्याची टाकी समोर ओट्याखाली. या दोन टाक्या जवळ आणू नका.

टाकी केवढी हवी? मराठवाड्यातल्या अनेक गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. अकरा माणसांचे ६०५ लिटर, आठ दिवसांचे ४,८४० लिटर. ८ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि ५ फूट खोल टाकीत सुमारे ५,१०० लिटर मावतात. पायाचं खोदकाम चालू असतानाच ती बांधून घ्या, नंतर ओटा फोडून बांधायला दुप्पट खर्च येतो.

वुजूसाठी वेगळी खोली नको. बोळाच्या गल्लीकडच्या टोकाला एक फूट उंच बसायचा कट्टा, समोर एक नळ आणि खाली जाळी एवढं पुरतं. हे पाणी साबणाचं नसतं, म्हणून त्याचा पाइप सांडपाण्यात न सोडता कुंड्यांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवता येतो.

किब्ला आधी तपासा

महाराष्ट्रातून किब्ला साधारण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. मुंबईहून हा कल सुमारे १० अंशांचा आहे, नागपूरहून सुमारे ८ अंशांचा. पण प्लॉट नेहमी दिशांना सरळ नसतो. म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या "पश्चिमेच्या भिंती"वर भरवसा न ठेवता आखणीच्या दिवशी होकायंत्र घेऊन बघा.

संडासाचं भांडं असं बसवावं की बसणाऱ्याचं तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येऊ नये. म्हणजे आपल्याकडे ते उत्तर-दक्षिण हवं. आमच्या आराखड्यात संडास उत्तर-दक्षिण लांब असल्यामुळे हे आपोआप जमतं. तुमचा रस्ता उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल आणि सगळा नकाशा फिरवला, तर संडासाची खोली पुन्हा आखावी लागेल. ही गोष्ट फरशी बसवल्यावर लक्षात आली तर भांडं उखडण्यावाचून उपाय नसतो.

नमाजसाठी एका माणसाला साधारण २ × ४ फूट लागतात. मधल्या दालनात दिवसभर कपाट-पलंग न येणारी एक पट्टी मोकळी सोडली की तिथे तीन-चार बायका एकत्र उभ्या राहू शकतात. झोपताना पाय किब्ल्याकडे नकोत, असं अनेक घरांत पाळतात. तसं असेल तर पलंगाची जागा, पंख्याचा हूक आणि स्विचचा बोर्ड त्याप्रमाणे आधीच ठरवा.

उजेड, वारा आणि नजर

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावी आणि तिची रुंदी २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांपेक्षा कमी नसावी. याहून लहान खोल्या काढून आकडा वाढवू नका. आठ बाय आठची खोली पलंग टाकल्यावर संपते.

खिडक्यांसाठी साधा नियम असा: कोरड्या, उष्ण भागात जमिनीच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा, दमट भागात सहावा. म्हणजे १२ × १२ च्या खोलीला मराठवाड्यात साडेचौदा चौरस फूट, कोकणात २४ चौरस फूट. पर्द्याच्या काळजीने पुष्कळ घरांत खिडक्या लहान केल्या जातात आणि बायका दिवसभर कोंदट अंधारात वावरतात. खिडकी मोठी ठेवा, पण शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आणू नका. खालच्या अर्ध्या भागाला जाळी किंवा खरखरीत काच आणि वरचा अर्धा भाग उघडता येणारा, असं केलं की वाराही येतो आणि नजरही आत येत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा हवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर दालनात बसवणार नाही.

टप्प्याटप्प्याने कसं बांधावं

आपल्यातली बरीच कुटुंबं व्याजाचं कर्ज टाळतात. भिशी, दागिने, आखातातून येणारे पैसे, एखाद्या नातेवाइकाची उसनवारी, असं जमेल तसं घर उभं राहतं. अशा घराचा नकाशा मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण हवा. टप्पे बांधकामाचे असतात, नकाशाचे नसतात.

पहिला टप्पा: दोन मजल्यांचं वजन धरून पाया आणि कॉलम, पूर्ण तळमजला, स्लॅब, जिना. वर रस्त्याकडच्या बाजूला अम्मी-अब्बांची खोली आणि बैठक यांच्या डोक्यावर दोन खोल्या, त्यावर तूर्त पत्रे. या दोन्ही जोडप्यांच्या खोल्या. मागची गच्ची मोकळी, तिच्यावर पत्रे तीन फूट पुढे काढा म्हणजे पावसात जिन्याकडे जाताना भिजायला होत नाही. खाली मुलगी आणि नाती दालनात, नातू बैठकीत झोपतील. पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापतं, म्हणून वरून पांढरा रंग आणि आतून साधं छत लावा.

दुसरा टप्पा: वर संडास-मोरी आणि दालनावरची मोठी खोली. मुली वर जातात, दालन मोकळं होतं.

तिसरा टप्पा: खालच्या स्वयंपाकघरावरची खोली. सुरुवातीला ती मुलांची. पण पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप तिथे आधीच आणून टोपण लावून ठेवायचा. ज्या दिवशी चूल वेगळी करायची वेळ येईल त्या दिवशी फक्त ओटा बांधायचा राहतो. विजेच्या दुसऱ्या मीटरसाठीही जिन्याखाली जागा आणि नळी सोडून ठेवा.

टप्प्यांच्या मधल्या काळात कॉलमच्या उघड्या सळया गंजतात, हा नेहमीचा धोका. स्लॅबवर सोडलेल्या सळयांना सिमेंटचं पाणी दाटसर लावून वर हलक्या काँक्रीटचं आवरण घाला. पुढचं काम सुरू करताना ते फोडून काढता येतं. आरसीसीसाठी काँक्रीट एम-२० पेक्षा कमी प्रतीचं नको. पोझोलाना सिमेंट वापरलं असेल तर स्लॅबला किमान दहा दिवस पाणी मारा. पाणी घरच्यांनीच मारायचं असतं, त्यात हयगय झाली तर महागडं सिमेंटही उपयोगाचं राहत नाही.

पैसा कुठे वाचतो, कुठे वाचवू नये

दर गावागावात वेगळा असतो. हिशेबासाठी चौरस फुटाला १,८०० रुपये धरू. मग तळमजल्याचे साडेतेरा लाख होतात. घराच्या मधोमध पुढून मागे ४ फुटांचा पॅसेज काढला तर तो १०० चौरस फूट खातो, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये फक्त चालण्यासाठी. आमच्या आराखड्यात पॅसेज २८ चौरस फुटांचा आहे आणि त्यातच वुजूची जागाही आहे.

वाचवता येतं ते असं: आतल्या भिंती चार इंची, खिडक्या-दारं एकाच मापाची, भिंतीत कोनाडे आणि माळे म्हणजे कपाटं कमी लागतात, समोरची नक्षी आणि पीओपी पुढच्या ईदपर्यंत थांबू शकतं. पाया, सळया, संडास-मोरीचं वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग यांत मात्र काटकसर करू नका, कारण या गोष्टी दुरुस्त करायच्या तर वरचं सगळं फोडावं लागतं. कच्चं घर असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेची चौकशी करा. ग्रामीण योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं.

नाव आणि हिस्सा

मोठ्या कुटुंबात घर बहुधा अब्बांच्या जागेवर आणि मुलांच्या पैशातून उभं राहतं. थोरला दुबईहून पैसे पाठवतो, धाकटा इथे राबतो, बहिणीचे दागिने मोडले जातात. कागदावर मात्र सगळं अब्बांचं असतं. १९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे वारसा ठरतो तेव्हा कोणी किती खर्च केला, हे त्यात येत नाही.

आपल्या उदाहरणात अब्बांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी राहिली, तर कर्ज आणि कफन-दफनाचा खर्च वजा जाता मालमत्तेचे ४० भाग धरायचे. त्यातले ५ अम्मीचे, १४-१४ दोन्ही मुलग्यांचे आणि ७ मुलीचे. वरचा मजला एकट्याने बांधलेल्या मुलग्यालाही १४ आणि एक वीट न लावलेल्यालाही १४. मुलीचे ७ भाग तिचा हक्क आहे. "तिच्या लग्नात दिलंय की" असं म्हणून तो संपत नाही.

त्याहून कठीण बाब अशी की एखादा मुलगा अब्बांच्या हयातीतच गेला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल, तर गेलेल्याच्या बायकोला आणि मुलांना आजोबांच्या घरात वारसा मिळत नाही. ज्या खोलीत ती राहतात, तिच्यावर त्यांचा हक्क उरत नाही. यावर उपाय अब्बा हयात असतानाच करता येतो. वारस नसलेल्यांसाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. किंवा हयातीतच हिबा करता येतो. हिबासाठी तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं. तोंडी हिबाही मान्य आहे, पण लेखी आणि नोंदणीकृत केलेला पुढे भांडणात टिकतो.

म्हणून पाया घालण्याआधी सगळ्यांनी बसून एक कागद करावा. कोण किती पैसे घालतोय, ते उसने आहेत, मदत आहे की मालकीचा हिस्सा, हे त्यात लिहावं आणि वकिलाला दाखवावं. भावाभावांत लिहून कशाला घ्यायचं, असा संकोच वाटतो. पण देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा ही कुरआनाचीच शिकवण आहे, त्यात अविश्वास नाही.

इथेच नकाशा आणि कागद एकमेकांना मिळतात. जिना बाहेरून, वरच्या स्वयंपाकघराची सोय तयार, मीटरची जागा वेगळी, असं घर असेल तर वर-खाली वाटणी होऊ शकते आणि बहिणीचा हिस्सा पैशात ठरवता येतो. हे नसेल तर घर विकून पैसे वाटण्याशिवाय मार्ग राहत नाही, आणि त्या पैशात कोणाचंच नवं घर होत नाही.

मिस्त्रीला बोलवण्याआधी

- खरेदीखत, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक आणि बांधकामाची परवानगी हातात आहे का?
- रात्री कोण कुठे झोपणार, आज आणि दहा वर्षांनी, अशा दोन्ही याद्या लिहिल्या का?
- घरातल्या बायकांनी नकाशा पाहिला का? स्वयंपाकघर आणि मोरी त्याच वापरणार आहेत.
- जिना कोणाच्याही खोलीतून न जाता वर जातो का?
- सगळं पाणी एकाच रेषेने बाहेर जातं का? वरचा संडास खालच्यावर आहे का?
- होकायंत्राने किब्ला पाहिला का?
- पाया दोन मजल्यांचा आहे, हे इंजिनिअरने लिहून दिलं का?
- पैशांचा कागद झाला का?

एखाद्या उत्तरावर अडलात तर तिथेच थांबा आणि ते आधी सोडवा. जमिनीवर चुन्याने आखलेली रेघ पुसायला काहीच खर्च येत नाही. बैठक कुठे, चूल कुठे, जिना किती रुंद, हे सगळ्या घराने मिळून त्या रेघांमध्ये उभं राहून एकदा बघावं, आणि मगच पहिली कुदळ मारावी.